चार हजारांत बारकावे ऐकवणारा हेडफोन: देवगडच्या एका बुवांना उत्तर

देवगड तालुक्यातल्या एका भजनीबुवांनी विचारलंय. खर्चाची तयारी चार हजारांची. ऐकायचं ते शास्त्रीय गायन, जुनं नाट्यसंगीत आणि डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याची, रेकॉर्डिंग. समोरच्या बुवाच्या हरकती, पखवाजाचे बोल आणि कोरसचे शब्द सुटे सुटे कानावर यायला हवेत. फोनला हेडफोनचं भोक नाही. घर चिऱ्याचं असलं तरी पडवीवर पत्रा आहे, त्यामुळे जून ते सप्टेंबर घरात दुसरं काही ऐकूच येत नाही. कणकवलीच्या एका दुकानात ‘हाय-रेझ’ची सोनेरी चिकटपट्टी असलेला, पन्नास मिलिमीटर ड्रायव्हरचा (ड्रायव्हर म्हणजे आत आवाज काढणारा भाग), ब्लूटूथवाला मोठा हेडफोन दाखवला. दुकानदार म्हणतो, यात बारीक बारीक सगळं ऐकू येतं. घेऊ का?

घेऊ नका, बुवा. मी कुडाळच्या बाजूला भजनं, दशावतार आणि अधूनमधून छोटी रेकॉर्डिंग असं साउंडचं काम करतो. हेडफोन कानाला लावून बसणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या सोनेरी चिकटपट्टीचं बघू. चाळीस हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार कंपनांपर्यंत, आवाज काढू शकणाऱ्या यंत्राला ती मिळते. माणसाचा कान फार तर वीस हजारांपर्यंत ऐकतो, तोही लहानपणी. वय वाढतं तशी ती मर्यादा खाली उतरते. पन्नाशीतल्या माणसाला बारा-चौदा हजारांच्या वर फारसं काही ऐकू येत नसेल, तर चाळीस हजारांचं करायचं काय? ड्रायव्हरच्या आकाराचंही तेच. दहा मिलिमीटरचा चांगला ड्रायव्हर पन्नासच्या वाईट ड्रायव्हरला सहज मागे टाकतो. किमतीवरूनही काही ठरत नाही. २०१७ मध्ये ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कुठला सूर किती जोरात वाजतो ते) व किंमत यांचा काही संबंध लागत नाही असा निष्कर्ष काढला. चार हजारवाल्यांसाठी ही चांगली बातमी आहे. वाईट बातमी अशी की कानानेच निवडावं लागतं, आणि दुकानात पाच मिनिटं लावलेला हेडफोन कानाला हमखास फसवतो.

दुकानात बारीकसारीक ऐकू येतंय असं वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांचा पट्टा, फुगवलेला असतो. सहा ते नऊ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात चार-पाच डेसिबल चढवले की झांजेची किनार चमकते, गायकाचा ‘स’ आणि ‘श’ पुढे येतो, टेपची खरखरसुद्धा स्पष्ट होते, आणि माणूस म्हणतो, वा, काय स्वच्छ! सारात तिखट जास्त पडलं की बांगडा ताजा की बर्फातला ते कळत नाही, तसं इथे होतं. अर्ध्या तासाने कान शिणतो. डबलबारीच्या गजरात दोन झांजा आणि वीस टाळकरी एकदम सुटले की या हेडफोनवर शब्द ऐकू येतच नाहीत, कारण तो सगळा पट्टा झांजेने व्यापलेला असतो. म्हणजे तुम्हाला जे हवंय तेच हरवतं.

दुसरं टोक म्हणजे बास, आणि स्वस्त हेडफोनांत हा रोग जास्त. खालचे सूर वरच्या सुरांना झाकतात. वरचे सूर खालच्यांना तितकेसे झाकत नाहीत. ही कानाचीच घडण आहे, तिथे कुठल्या कंपनीचं काही चालत नाही. म्हणून शंभर ते अडीचशे हर्ट्झमध्ये फुगवटा असलेल्या हेडफोनवर डग्गा घुमतो, पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा छातीत बसतो, आणि त्याच्या वर जे काही नाजूक चाललेलं असतं ते बुडतं.

हे तपासायला तुमच्याजवळ शहरातल्या हौशी लोकांपेक्षा चांगलं साधन आहे. तुमचा कान तानपुऱ्यावर तयार झालेला आहे. काळी एक पट्टीतल्या पुरुष गायकाचं उदाहरण घ्या. जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. खर्ज छेडला की त्यातून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो त्या तारेचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे पाचपट कंपनांचा सूर, सुमारे ३४६ हर्ट्झ. बासचा फुगवटा जिथे संपतो त्याच्या अगदी शेजारी तो राहतो, त्यामुळे फुगवटा असला की पहिला बळी त्याचा जातो. जवारीचा बाकीचा झणत्कार घोडीवरच्या सुतामुळे हजार, दोन हजार, तीन हजार हर्ट्झपर्यंत चढत जातो. तेव्हा एखाद्या चांगल्या रेकॉर्डिंगमधला सुरुवातीचा नुसता तानपुरा लावा, गाणं सुरू होण्याआधीचा. गंधार न शोधता कानावर आला, तर त्या हेडफोनचा मधला भाग मोकळा आहे. शोधून काढावा लागला तर हेडफोन परत ठेवा, मग त्यावर कुठलीही चिकटपट्टी असो.

मग पखवाज. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये एका सहकाऱ्यासोबत ‘नेचर’मध्ये आपल्या चामडी वाद्यांवर लिहिलं होतं. साध्या ढोलाचे वरचे सूर बेसूर असतात, शाईमुळे, म्हणजे चामड्यावरच्या काळ्या लेपामुळे, ते एका सुरेल मालिकेत येतात, हा त्याचा गाभा. म्हणून पखवाजाला आणि तबल्याला सूर आहे. चांगल्या हेडफोनवर ‘तिट’ आणि ‘कत’ हे दोन वेगळे आघात वाटतात, आणि ‘धा’मध्ये दोन हात वेगळे ओळखता येतात. वाईटावर तिन्हीचं एकच ‘धप्प’ होतं. पेटीसाठी माझी कसोटी अशी: खर्ज-नर (खालचे आणि मधले सूर एकत्र) लावलाय की नुसता नर, हे पहिल्या दोन ओळींत सांगता यायला हवं. भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची टकटक ऐकू आली तर उत्तमच, पण नुसत्या टकटकीवर भाळू नका. ती फुगवलेल्या ट्रेबलवरही मस्त ऐकू येते.

दोन हेडफोन ताडून बघताना आवाज सारखा ठेवा. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला जास्त स्पष्ट वाटतो, आणि दुकानात हीच चलाखी चालते, कधी जाणून, कधी नकळत.

आता ब्लूटूथ. ब्लूटूथने आवाज बिघडतो असं सरसकट म्हणणं चूक आहे. यूट्यूबवरचा ऑडिओ मुळातच सव्वाशे ते दीडशे किलोबिटच्या आसपास दाबलेला असतो, त्यात ब्लूटूथच्या साध्या कोडेकने, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीने, पडणारी भर तुम्हाला कळणारही नाही. माझा आक्षेप पैशाचा आहे. चार हजारांच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये बॅटरी, चिप, माइक आणि चार्जिंगचं सर्किट या सगळ्याचे पैसे गेल्यावर ड्रायव्हरला काय उरतं? शिवाय बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि आमच्याकडच्या दमट हवेत सर्किट त्याआधीच कुरकुरायला लागतं. आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची. ब्लूटूथमध्ये आवाज क्षणभर उशिरा येतो. ऐकण्यापुरतं ते चालतं, पण ठेका लावून त्यावर पेटीचा रियाज करायचा म्हटलात तर हात आणि कान यांची ताटातूट होते. तेव्हा वायरचाच घ्या.

वायरमध्ये दोन वाटा आहेत. कानाच्या नळीत बसणारे इयरफोन, ज्यांना हल्ली आयईएम म्हणतात, आणि कान झाकणारे मोठे हेडफोन. तुमच्या बजेटमध्ये आणि तुमच्या पत्र्याखाली माझं मत सरळ पहिल्याकडे जातं. गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी या दरात जे इयरफोन आणलेत, त्यांनी आमच्या धंद्यातल्या लोकांनाही चकित केलं. मूनड्रॉपचा चू २ किंवा सेव्हन हर्ट्झचा झीरो २ बघा. दोन्ही साधारण दीड ते अडीच हजारांत मिळतात, दर वरखाली होत असतो. मधला भाग मोकळा, बास आहे पण शिस्तीत. दोन्हींची वायर सुटी होते, आणि कोकणात हे फार महत्त्वाचं आहे. चू नावाचाच एक जुना प्रकार आहे, त्याची वायर पक्की जोडलेली, तो घेऊ नका. या दोघांत झीरो २ चा बास किंचित जास्त मांसल आहे, पखवाज त्यावर खुलतो. गायकी ऐकायला मी चू २ घेईन. फरक फार नाही, जो मिळेल तो चालेल.

हे इयरफोन साधे लावले की बऱ्याच जणांना पहिल्या दिवशी आवडत नाहीत. म्हणतात, आवाज पत्र्यासारखा येतो, बासच नाही. नव्वद टक्के वेळा रबराची टोपी चुकीच्या मापाची असते. नळी नीट बंद झाली नाही की खालचे सूर निसटून जातात. डब्यात तीन मापांच्या टोप्या येतात, तिन्ही लावून बघा, आणि दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तर लाजू नका, माझंही तसंच आहे. वायर कानावरून मागे घ्यायची, कान हलका वर ओढून इयरफोन आत बसवायचा. खर्ज भरून आला की बसला म्हणायचा.

तुम्हाला कानात काही घालणं सहनच होत नसेल तर ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स बघा, चार-पाच हजारांच्या घरात. प्रामाणिक आवाज, थोडा रुक्ष. त्याची वायर तीन मीटर लांब आणि पक्की आहे, ती पायात येते. एकेजीचा के२४० अनेक स्टुडिओंत दिसेल. गायकीसाठी सुरेख, पण तो अर्धा उघडा आहे, म्हणजे बाहेरचं आत येतं, आणि पत्र्याखाली त्याचा उपयोग शून्य. शिवाय तुमच्या बजेटच्या वर जातो. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा जुना खेळाडू. आमच्यासारख्यांना तो लागतो, कारण माइकची शिट्टी, केबलची खरखर तो लगेच पकडून देतो. मात्र त्याचा ट्रेबल टोकदार आहे, दोष शोधायला बरा, रात्री निवांत गाणं ऐकायला नको. कोणी ‘स्टुडिओत हाच वापरतात’ म्हणून गळ्यात मारायला लागला तर हे लक्षात ठेवा. मोठ्या हेडफोनचे आणखी दोन त्रास: चष्म्याच्या काड्यांमुळे गादी नीट टेकत नाही आणि बास गळतो, आणि मे महिन्यात कानाभोवती घामाची धार लागते.

फोनला भोक नाही, त्याचा उपाय टाइप-सी डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकात बसणारा छोटा जोड. इथे एक खाच आहे. बाजारात शंभर रुपयांचे जे जोड मिळतात, त्यातल्या काहींच्या आत चिपच नसते. ते फक्त काही विशिष्ट फोनवर चालतात, तुमच्यावर चालतील की नाही ते नशीब. ‘डॅक’, म्हणजे फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप, आत असलेला घ्या, पाचशे ते हजारांत चांगला मिळतो. अॅपलचा डोंगल आवाजाला उत्तम, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक येतो, म्हणून तुमच्यासाठी नको. वर सांगितलेल्या इयरफोनांना जास्त ताकद लागत नाही, वेगळा अँप्लिफायर घेण्याच्या फंदात पडू नका.

आता जे हेडफोन बदलून सुधारत नाही तेही सांगायला हवं. डबलबारीची निम्मी रेकॉर्डिंग मंडपात मागे बसून मोबाइलवर घेतलेली असतात. गजर वाढला की मोबाइल स्वतःच आवाज दाबतो, कर्ण्यांचा आवाज फाटतो, आणि एकदा फाटलेलं कुठल्याही हेडफोनवर शिवलं जात नाही. उलट चांगल्या इयरफोनवर ते जास्त फाटलेलं दिसतं. ज्या चॅनेलवर मिक्सरमधून थेट आवाज घेतलाय ती रेकॉर्डिंग शोधा, पहिल्या दहा सेकंदांत कळतं: टाळ्यांचा आणि लोकांचा आवाज लांबून येतो, बुवांचा जवळून. समोरच्या बुवाची हरकत उचलायची असेल तर तीच कामाची.

जुन्या नाट्यसंगीताची गत वेगळी. १९२५ पर्यंत रेकॉर्डिंगला मायक्रोफोनच नव्हता, गायक कर्ण्यात गायचा, आणि त्यानंतरच्याही मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांवर वरचे सूर बेताचेच आहेत. तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेलं ते गाणं मधल्या पट्ट्यातच राहतं. वर जे ऐकू येतं ती सुईची खरखर. अशा गाण्यांना बारकावेवाला हेडफोन लागतच नाही. माझ्या एका मित्राकडे जुना, वरचे सूर किंचित मऊ करणारा हेडफोन आहे, तबकड्यांची गाणी मी त्याच्याकडे जाऊन ऐकतो आणि ती तिथेच जास्त गोड लागतात. तुम्ही मात्र दोन घेऊ नका. फोनच्या इक्वलायझरवर (सुरांचे पट्टे कमी-जास्त करायची सोय) पाच हजार हर्ट्झच्या वरचा भाग दोन-तीन डेसिबल खाली घ्या, काम होतं.

इक्वलायझरचा विषय निघालाच आहे तर, नवा घेण्याआधी घरात जो हेडफोन आहे त्यावर हे करून बघा. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं अॅप आहे, त्यात हजारो हेडफोनांच्या तयार दुरुस्त्या आहेत, तुमच्या हेडफोनचं नाव निवडलं की झालं. नाव सापडलं नाही तर दीडशे-दोनशे हर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल कमी करा आणि पुन्हा तानपुरा लावा. कमी करा, वाढवू नका. अर्ध्या लोकांचा खरेदीचा विचार इथेच मागे पडतो, आणि दुकानदाराला मी आवडत नाही त्याचं कारणही हेच.

पावसाचं म्हणाल तर, नळी बंद करणारे इयरफोन पत्र्याचा तडतडाट बराच अडवतात. आवाज रद्द करणारे, एएनसीवाले जे असतात, ते पंख्याच्या किंवा एसटीच्या घरघरीवर चांगले चालतात, पावसाच्या तडतडीवर त्यांचं फारसं चालत नाही. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. पावसाशी स्पर्धा म्हणून आवाज वाढवूही नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आठवड्याला ८० डेसिबलवर चाळीस तास चालतात, ९० वर फक्त चार. तुमचा कान हे तुमचं वाद्य आहे, दुसरा मिळत नाही. मुसळधार असेल तेव्हा ऐकणं उद्यावर टाका.

शेवटी जपणूक, आणि इथे शहरातल्या कोणाचा सल्ला चालत नाही. खाऱ्या, दमट हवेत जॅकच्या पिवळ्या कड्यांवर हिरवट बुरा धरतो, मग एक बाजू मधेच बंद पडते, आणि लोक हेडफोन गेला म्हणून टाकून देतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने जॅक आणि सुट्या वायरच्या दोन पिना महिन्यातून एकदा पुसा. इयरफोनच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यात कानातली वाफ अडकली की त्या बाजूचा आवाज बसतो. उन्हात ठेवू नका, ड्रायर लावू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर रात्रभर ठेवला की बहुतेक वेळा सकाळी आवाज परत येतो. पावसाळाभर त्याची कायमची जागा तोच डबा. निळी सिलिका घेतली तर ओल शोषून ती गुलाबी होते आणि तापवली की पुन्हा निळी, पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, भाकरीच्या तव्यावर ती तापवू नका. नारिंगी सिलिका घेतलेली बरी. मोठा हेडफोन घेतलात तर त्याच्या नकली चामड्याच्या गाद्या दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतात. सुट्या गाद्या मिळतात की नाही ते घेण्याआधी विचारा. कापडी गाद्यांना बुरशी धरते, त्या अधूनमधून धुवाव्या लागतात.

हिशेब असा बसतो: इयरफोन दोन हजारांच्या आसपास, डोंगल आठशे-हजार, जादा रबरी टोप्या आणि सिलिका दोन-तीनशे. उरलेल्या पैशांतून हवी तर एक सुटी वायर आणून ठेवा, कारण आधी तीच तुटणार आहे. ऑनलाइन मागवलंत तर परत करायची मुदत बघून ठेवा आणि माल आला त्याच दिवशी तपासा. मधोमध गाणाऱ्या गायकाचं साधं रेकॉर्डिंग लावा. आवाज कपाळाच्या मध्यावर यायला हवा. एका बाजूला कलत असेल तर इयरफोन उलट कानात घालून बघा. आता दुसरीकडे कलला तर दोष इयरफोनचा, परत पाठवा. त्याच बाजूला राहिला तर आधी टोपी नीट बसलीय का बघा, आणि तीही ठीक असेल तर एकदा कानाच्या डॉक्टरकडून मळ काढून घ्या.